बांगड्या भरणारीचे हात

मी शहाद्यात बांगड्या भरते. माझ्या हातांना एक्झिमा झाला आणि तो बरा करायला मी फोनमधल्या डॉक्टरांकडे गेले. त्याची ही हकीकत आहे. हाताला खाज सुटलीय, कातडीचा डॉक्टर जवळपास नाही, आणि फोनवरच्या जाहिरातीत एक हसरी बाई सांगतेय की घरबसल्या सगळं बरं होईल, अशा बायका आमच्या भागात पुष्कळ आहेत. त्यांनी वाचावं म्हणून लिहितेय. यात गोड फार काही नाही. हात बरे झाले एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे निदान त्याची काळजी करत वाचायला नको.

घरात आम्ही हिंदी बोलतो, दुकानात गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि लिहायला बसलं की शाळेतली मराठीच येते. बारावीपर्यंत मराठी शाळेत होते. चुकलंमाकलं समजून घ्या.

हात धरायचं काम

दुकान माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी टाकलं. पुढे गादी, मागे फळ्यांवर फिरोजाबादचा माल. माल आणणं, दुकान उघडणं, बंद करणं हे माझे मिस्टर रफीक बघतात. बायकांच्या हातात बांगड्या भरायचं काम घरातल्या बाईचं. आधी सासूबाई बसायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं, आणि गुडघे दुखायला लागल्यावर गादी माझ्या ताब्यात दिली.

ज्यांनी हे काम नीट पाहिलं नाही त्यांना वाटतं, बांगडी घालायची त्यात काय एवढं. पण काचेची बांगडी मनगटाला बसती हवी असेल तर ती हातापेक्षा लहानच लागते. मग हाताला साबणाचं पाणी लावायचं, अंगठा आत दुमडून त्याच्या बुडाचं हाड दाबायचं, बोटं मिटवायची आणि बांगडी हळूहळू पुढे न्यायची. बाई बोलत असते, आपण बोलत असतो, आणि बांगडी कधी गेली ते तिला कळत नाही. यात डोळ्यांचं काम थोडं, बोटांचं जास्त. हात हातात घेतला की माप कळतं. बाई घाबरलीय, तापातून उठलीय, तेसुद्धा कधी कधी कळतं. लोणखेडा, सारंगखेडा, पार प्रकाशापर्यंतच्या घरांतून लग्नाचा हिरवा चुडा भरायला मला बोलावणं यायचं. नवरीच्या घरी पाटावर बसायला मिळायचं, पहिला चहा मला मिळायचा.

लग्नसराईत सकाळपासून हात साबणाच्या पाण्यात असायचे. घरी आलं की भांडी, कपडे, फरशी. हाताला काही होईल असं कधी मनातही आलं नाही.

पांढरी ट्यूब

अशाच एका लग्नसराईत उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे बारीक फोड आले. खाज इतकी की बांगडी भरता भरता मी हात गादीच्या कडेला घासायची. फोड फुटले, कातडी कोरडी पडली, मग भेगा पडल्या. भेगेत साबण गेला की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि समोरची बाई विचारायची, काय गं, घरी भांडण झालं का?

मेडिकलवाल्याने काउंटरच्या पलीकडूनच हात पाहिला आणि पांढरी ट्यूब काढून दिली. हे सगळ्यावर चालतं, म्हणाला. खरंच चाललं. आठवडाभरात हात असा झाला की जणू काही नव्हतंच. मी त्या माणसाला मनातल्या मनात दुआ दिली. ट्यूब संपली तशी खाज परत आली आणि येताना दुसरा हातही घेऊन आली. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा खाज. दर वेळी आराम कमी दिवसांचा आणि खाज जास्त जागेवर. शेवटी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. काचेची कड नुसती लागली तरी रक्त यायचं.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं आणि सगळ्यावर चालणारं औषध असं काही नसतं, हे मला फार उशिरा कळलं. मेडिकलवाल्याला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. आजही त्याच्या काउंटरवर ती ट्यूब पुढेच ठेवलेली असते.

नाव कळलं तो दिवस

तेव्हा शहाद्यात एका दवाखान्यात बाहेरगावचे कातडीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. मी गेले त्या दिवशी जिन्यापर्यंत माणसं होती. कुणाच्या मानेवर गजकर्ण, कुणाच्या ओठावर पांढरा डाग, एका आईच्या मांडीवर अंगभर पुरळ आलेलं बाळ. सगळ्यांनी आपापला आजार ओढणीत, पदरात, बाहीत लपवला होता. मीही हात पर्सखाली धरले होते. दुपार टळली तेव्हा माझं नाव पुकारलं.

डॉक्टरांनी हात उलटसुलट केले, म्हणजे मला करायला सांगितले. "एक्झिमा," ते म्हणाले. पाण्यात आणि साबणात हात घालायचा नाही. मी म्हटलं, डॉक्टर, मी बांगड्या भरते. ते लिहीत होते. त्यांनी मान हलवली, पण ती ऐकून हलवलेली मान नव्हती. दुसऱ्या पेशंटला आत सोडायची घंटा वाजली आणि मी उठले.

जिन्यावरून उतरताना आठवलं की खरा प्रश्न राहूनच गेला. हे दुसऱ्याला लागतं का? परत वर गेले तर दारातल्या मुलीने आत सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात विचारा, म्हणाली. पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले नाहीत. त्यांनी शहाद्याला येणं बंद केलं, एवढंच कळलं.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. मी नाही म्हटलं. पण मलाच खात्री नव्हती आणि त्यांना माझ्या तोंडावर ते दिसलं असणार.

घरातली वाटणी

आमच्या घरात सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर, त्यांची बायको रुबीना आणि त्यांची लहानगी झोया. माझा मुलगा सुरतेला कामाला असतो. पाण्यात हात घालायचा नाही म्हटल्यावर भांडी, कपडे सगळं रुबीनावर पडलं. ती पहिले काही दिवस सगळं करत होती. मग भांडी जोरात आपटायला लागली. मला तिचा राग येत नव्हता. तिच्या जागी मी असते तर मीही आपटली असती.

सासूबाईंनी एक दिवस परात माझ्या पुढ्यातून ओढून घेतली. कणिक मळायची नाही, म्हणाल्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं नव्हतं, भेगांतून कधी कधी रक्त यायचं. पण नंतर पाण्याचा पेला वेगळा झाला, टॉवेल वेगळा झाला, आणि मग झोया वेगळी झाली. ती पोर माझ्या मांडीवर झोपायची, माझ्याच हातून खायची. ती धावत आली की रुबीना नाहीतर सासूबाई तिला मध्येच उचलायच्या. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर मी भांडले असते.

 मिस्टर माझ्या हाताकडे बघायचं टाळायचे. चहाचा कप मी पुढे केला की म्हणायचे, ठेव तिथे.

फोनमधला डॉक्टर

फोनवर ती जाहिरात सारखी येत होती. फोटो पाठवा, प्रश्नांची उत्तरं द्या, त्वचारोगतज्ज्ञ उपचार सुचवतील. धुळ्याला नाहीतर सुरतेला जायचं म्हणजे दुकानाचा अख्खा दिवस जातो, आणि माझ्याबरोबर कोण येणार यावर घरात बोलणी. त्यापेक्षा हे बरं वाटलं. मी गच्चीवर जाऊन, उन्हात हात धरून फोटो काढले. एका हाताने दुसऱ्याचा फोटो काढायचा आणि भेगाळलेल्या बोटाने बटण नीट दाबलं जात नाही. फोटो स्पष्ट नाही असं उत्तर यायचं. पुन्हा काढायचा.

मग प्रश्न आले. काम काय करता? त्यात निवडायला होतं नोकरी, विद्यार्थी, गृहिणी. मी यादी खालीवर करून पाहिली. बांगड्या भरणारी असं कुठे असणार म्हणा. गृहिणी दाबलं.

उपचार आला तो खोक्यातून. एक मलम, एक गोळ्यांची पट्टी, चेहऱ्याचा फेसवॉश आणि केसांचं काहीतरी. माझ्या केसांना काही झालं नव्हतं. सगळ्यांवर त्याच कंपनीचं नाव. मी मलम लावलं, गोळ्या घेतल्या, फेसवॉश रुबीनाला दिला. तिने घेतला नाही.

खोक्यापेक्षा मला एका वाक्याची गरज होती. मी मराठीत लिहून विचारलं, हा आजार हात लावल्याने दुसऱ्याला होतो का? उत्तर आलं, प्रिय रुग्ण, आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद, कृपया उपचार चालू ठेवा. मी पुन्हा विचारलं. या वेळी डॉक्टरचं नाव दुसरं होतं, मजकूर तोच. तिसऱ्याने फोटो पुन्हा मागितले. माझे हात त्यांच्यापैकी एकालाही ओळखीचे नव्हते. दर वेळी मी नवी होते. मी विचारत होते तो प्रश्न असा होता की त्याच्यावर माझी चूल, माझी गादी आणि ती पोर अडकली होती, आणि समोरून मला विचारत होते की सेवेला किती तारे द्याल.

त्यांच्यातल्या एकाने मात्र एक कामाची वाटेल अशी सूचना दिली. हातमोजे घाला. मला ती पटली.

हातमोजे

मी रबरी हातमोजे आणले आणि ते घालून गादीवर बसले. पहिल्याच दिवशी दुकानात आलेल्या बायका माझ्या हातांकडे बघून थबकल्या. उघड्या हातावरचा लाल डाग बघून जी बाई गप्प बसली असती, ती हातमोजा बघून विचारायला लागली. आणि मोज्यातून बोटांना काही कळेना. हाड कुठे, मांस कुठे, बांगडी कुठे अडली, काही नाही. आत घाम येऊन हात भिजायचे आणि संध्याकाळी काढले की कातडी पांढरी, सुजलेली.

त्याच आठवड्यात लोणखेड्याच्या मालतीताई पाटील आल्या. त्यांच्या लग्नातला चुडा माझ्या सासूबाईंनी भरला होता, त्यांच्या नणंदांचे मी. जुनं घर, केळीचे मळे, माणसं बोलायला मोकळी. मला त्या घरची समजायच्या. त्यांनी हात पुढे केला, मोजा बघितला, आणि तसाच ठेवला. चांगल्या बाईसारखा ठेवला. मी बांगडी सरकवली आणि ती अंगठ्याच्या हाडावर वाढली. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. काच त्यांच्या तळहाताला लागली, रक्त आलं. माझा मोजाही फाटला होता, आतली भेग उघडी पडली होती. दोघींचं रक्त साबणाच्या त्या एकाच वाटीत.

त्यांनी हात झटक्यात मागे घेतला. "नसीम, तुन्हा हातले हाई काय व्हयनं वं?" त्यांनी हळूच विचारलं. मी सांगितलं. लागत नाही म्हणूनही सांगितलं. त्या बरं बरं म्हणाल्या आणि उरलेल्या बांगड्या कागदात बांधून द्यायला सांगितल्या. घरी भरेन, म्हणाल्या.

दुकान बंद करताना मिस्टर म्हणाले की काही दिवस रुबीनाला बसू दे. ते माझ्याशी बोलत होते पण बघत होते कुलपाकडे. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या बाजूला, पडद्याआड माल निवडायला बसले. पुढे रुबीना बायकांचे हात धरायची आणि मला पडद्यामागे ऐकू यायचं, भाभी कुठंय, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, आराम करतेय.

नाशिकच्या मॅडम

माझी शाळेतली मैत्रीण वैशाली नाशिकला नर्स आहे. ईदच्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला आणि मी हात वर करून आदाब केला तेव्हा तिला ते दिसले. तिने दोन शिव्या दिल्या, एक मला आणि एक त्या ट्यूबला. तिच्या ओळखीच्या एक कातडीच्या डॉक्टर मॅडम फोनवर पेशंट बघायच्या. खोकं पाठवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांचा नाशिकमध्ये दवाखाना होता आणि लांबच्या माणसांना त्या ठरल्या वेळी व्हिडिओवर बघायच्या.

मॅडमनी आधी हात बघितलेच नाहीत. म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून तुमचे हात कशाकशाला लागतात ते सांगा." मी सांगत गेले आणि साबणाच्या वाटीपाशी त्यांनी मला थांबवलं. कुठला साबण, किती वेळ, मध्ये हात कोरडे होतात का, धातूच्या बांगड्या भरल्या की जास्त होतं का, शुक्रवारी दुकान बंद असतं तेव्हा कमी होतं का. मला रडू आलं. त्यांनी विचारलं, दुखतंय का? मी हो म्हटलं, पण रडण्याचं कारण ते नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. साबणाच्या पाण्याने कातडीचा वरचा थर निघून गेलाय, ट्यूबने उरलेला पातळ केलाय. धातूची ॲलर्जी असू शकते, पण त्याची तपासणी पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात आणि ती फोनवर होत नाही, त्यासाठी नाशिकला येऊन राहावं लागेल. तोवर साबण पूर्ण बंद, रबरी हातमोजे बंद. भांडी घासायला आत सुती आणि वर प्लास्टिकचे हातमोजे. दिवसातून जितक्या वेळा आठवेल तितक्या वेळा जाडसर मलम. एक औषधाचं मलम, आधी रोज, मग कमी कमी करत आणायचं, मनाने थांबवायचं नाही आणि मनाने वाढवायचंही नाही. आणि हा आजार बरा होतो पण निरोप घेत नाही, थंडीत, कामाच्या दिवसांत परत डोकावेल, तेव्हा घाबरायचं नाही.

नाशिकला जायचं मात्र झालं नाही. कधी लग्नसराई होती, कधी सासूबाईंचे गुडघे, कधी बरोबर यायला कुणी नव्हतं. ती पट्ट्यांची तपासणी आजही राहिलीय. धातूच्या बांगड्यांना मी अंदाजानेच हात लावत नाही. घरबसल्या उपचार मिळतो हे खरं आहे, पण घर बसू देईल तेवढाच मिळतो.

त्याच मॅडम दर वेळी असायच्या. मागच्या वेळी हात कसा होता ते त्यांच्या लक्षात असायचं. डावा अंगठा आज बरा दिसतोय, म्हणायच्या. एवढं सुद्धा मला पुरायचं.

सासूबाईंचं उत्तर

दुसऱ्या की तिसऱ्या वेळी मी मुद्दाम बैठकीत बसून कॉल लावला. सासूबाई पलंगावर होत्या, रुबीना दारात, मिस्टर जेवत होते. मी आवाज मोठा केला आणि विचारलं, मॅडम, हे दुसऱ्याला लागतं का, घरात लहान मूल आहे. मॅडमनी स्पष्ट सांगितलं. "नाही लागत. हात लावा, कणिक मळा, बाळाला घ्या. तुमचा हात दुखणार नाही एवढंच बघा, बाकी कुणाला काही होणार नाही." शिवाय त्यांनी हेच लिहूनही पाठवलं.

फोन ठेवून मी सासूबाईंकडे बघितलं. इतके महिने याच एका वाक्यासाठी मी फोटो काढत होते.

"डाक्टर तो बोलेगीच," त्या म्हणाल्या. "उसको थोडी तेरे हाथ की रोटी खानी है."

मिस्टर जेवत राहिले. रुबीनाने झोयाला आत नेलं. मी मॅडमनी पाठवलेलं ते वाक्य पुन्हा कुणालाही दाखवलं नाही.

बरं होणं

हात बरे व्हायला पाऊस येऊन गेला. आधी भेगा भरल्या, मग लाली गेली, मग एक दिवस मूठ वळली आणि काही ताणलं नाही. मॅडमनी विचारलं होतं की साबणाऐवजी दुसरं काही चालेल का. मी खूप खटपट केली. शेवटी जमलं ते असं की समोरच्या बाईच्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची, बांगडी पिशवीवरून सरकते, मग पिशवी ओढून घ्यायची. साबण नको, पाणी नको. मी पडद्यामागे स्वतःच्या हातावर करून करून पक्कं केलं. रुबीनाला शिकवलं. तिला ते आवडलं, तिचे हात वाचले. तिचेही हात कोरडे पडायला लागले होते, तिने मला दाखवले नव्हते.

मला वाटलं, आता गादी परत मिळेल. मी मिस्टरांना हात दाखवले. छान झाले, म्हणाले. दिवाळी होऊ दे, म्हणाले. दिवाळी झाली.

लोणखेड्याचं लग्न

दिवाळीनंतर मालतीताई दुकानात आल्या. त्यांच्या धाकट्या मुलीचं, स्नेहलचं लग्न ठरलं होतं. मी आवाज ऐकून पडदा सारला आणि पुढे आले. त्यांनी पेढा दिला, माझ्या हातात नाही, गादीवर ठेवला. म्हणाल्या, चुडा भरायला या. मी दोन्ही हात त्यांच्यापुढे उलटे धरले, सुलटे धरले. काही नव्हतं त्यांच्यावर.

"माले समजस, बरं व्हयनं," त्या म्हणाल्या. "राग मानू नको, नसीम. चुडा रुबीना भरी. तू बी ये, पन बठी ऱ्हाय. चार बाया ऱ्हातीस, त्यास्ना तोंडले कोन लागी?"

मी गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येत नाही. रुबीना पाटावर बसली, मी तिच्या मागे, हिरव्या बांगड्या एकेक करून तिच्या हातात देत. स्नेहलचा हात जरा भरलेला, हाड रुंद. रुबीना दोन-सहा मापाची बांगडी दाबत होती आणि पोरीच्या तोंडावर कळ उमटत होती. रुबीनाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी हळूच सांगितलं, अंगठा अजून आत घे, बुडाशी दाब, घाई करू नको. बांगडी गेली. मागून कुणीतरी म्हटलं की रुबीनाचा हात हलका आहे. पहिला चहा तिला आला. त्या घरात मला कुणी वाईट बोललं नाही, जेवायचा आग्रहसुद्धा झाला. आणि आवारातल्या इतक्या बायकांपैकी एकीचाही हात माझ्या हाताला लागला नाही, इतकं सगळ्यांनी सांभाळलं.

परत येताना रिक्षात रुबीनाने माझा हात धरला. ती म्हणाली, भाभी, मैं मना कर देती तो? मी म्हटलं, मग तिसरीला बोलावलं असतं. तिच्यावर माझा राग नाही. पण त्या दिवशी तिने हात धरला तो रिक्षात, अंधारात, कुणी बघत नसताना, हेही मला दिसलंच.

सारंगखेडा

त्यानंतर सारंगखेड्याची यात्रा आली. यात्रेत आमचं पाल, म्हणजे कापडाचं तात्पुरतं दुकान, दरवर्षी लागतं, पण तिथे दीर बसायचे, नुसत्या बांधलेल्या बांगड्या विकायला. मी मिस्टरांना सांगितलं की या वर्षी पालात मी बसणार आणि भरून देणार. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तिथे मला ओळखतं कोण?

घोड्यांच्या बाजाराच्या अलीकडे, भांड्यांच्या दुकानांच्या रांगेत आमचं पाल होतं. तापीवरून गार वारा यायचा. सकाळी मी मलम चोपडून बसले. पहिली बाई आली, हात पुढे केला, मी पिशवी चढवली. इतक्या दिवसांनी परका हात हातात आला तर माझ्याच बोटांना विश्वास बसेना. मग दुसरी आली, तिसरी आली. कुणी साक्रीकडची, कुणी गुजरातेतली, कुणी वरच्या सातपुड्यातली. कुणाला माझं नाव माहीत नव्हतं, म्हणून कुणी हात मागे घेत नव्हतं. मॅडमचं वाक्य जे करू शकलं नाही ते या एवढ्याशाने केलं. हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. मला तर घरच्यांचा, गावातल्यांचा जास्तच राग आला.

वाऱ्याने तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोटांच्या पेरांवर पुन्हा कोरडे चट्टे दिसायला लागले. मॅडमना फोटो पाठवला, त्यांनी मलम कसं वाढवायचं ते सांगितलं. त्याच दुपारी वरच्या पाड्यावरची एक बाई लेकीला घेऊन आली. आधी त्या बाईचाच हात माझ्या हातात होता, तेव्हा तिला ते चट्टे दिसले. तिने माझं बोट धरून उलटं केलं आणि बघितलं. मी सांगायला तोंड उघडलं, लागत नाही म्हणून.

"दुखस का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, थोडं. तिने मान हलवली, हात होता तिथेच ठेवला आणि लेकीला म्हणाली की लाल नको, पिवळ्या घे.

यात्रा उठली तेव्हा पालात विक्री चांगली झाली होती. मिस्टर पाल सोडत होते, मी उरलेला माल पेट्यांत भरत होते. ते दोरी गुंडाळत म्हणाले, "लोग भूल गए अब. दुकान पे बैठ."

"मैं नहीं भूली," मी म्हटलं.

दुकानात रुबीनाच बसते. मी बांगड्या भरायला आठवडे बाजार करते, धडगावचा, मोलगीचा, जिथे जीप जाते तिथला.